ज्यूरीचा कौल, न्यायाधीशांचा निकाल: शब्दांमागची पार्श्वभूमी

आरोपी, साक्षीदार, जामीन, उलटतपासणी हे शब्द मुलांच्या कानावरून गेलेले असतात. न्यायालयावरचा पाठ अडतो तो ज्यूरीपाशी, म्हणजे साक्षीपुरावे ऐकून आरोप शाबीत झाला की नाही ते सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटापाशी. आपल्या फौजदारी न्यायालयांतून ती जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली आणि तिच्याबरोबर तिची भाषाही विस्मरणात गेली.

कंपनीच्या काळात मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात इंग्रजी पद्धतीची ज्यूरी बसू लागली. सत्र न्यायालयांसाठी तिची तरतूद 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. मात्र ती कुठल्या जिल्ह्यात बसवायची हे प्रांतिक सरकार ठरवी. इतरत्र असेसर, म्हणजे न्यायाधीशांना मत देणारे सहायक, असत. त्यांचे मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. 1955 च्या दुरुस्तीने असेसर गेले.

ज्यूरीला ‘पंच’ म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा. झडतीच्या वेळी हजर राहून पंचनाम्यावर सही करतात ते पंच, आणि पुढे तेच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात. लवादालाही पंच म्हणतात, क्रिकेटचे पंच वेगळेच. साक्ष देणारा आणि साक्ष तोलणारा एकाच नावाचे झाले की उत्तरपत्रिकेत गोंधळ ठरलेला.

त्याहून मोठा गुंता ‘निकाल’ या शब्दाचा. ज्यूरी फक्त वस्तुस्थितीबद्दल सांगते: आरोप शाबीत झाला की नाही. लागू होणारा कायदा न्यायाधीश तिला आधी समजावून सांगतात आणि शिक्षाही तेच ठरवतात. ज्यूरीच्या उत्तराला ‘कौल’ म्हणावे, न्यायाधीश लिहितात त्याला ‘निकाल’. दोन्हींना सरसकट निकाल म्हटले की 1959 चा मुंबईतला, नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरचा खून खटला कळेनासा होतो. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्याला निर्दोष ठरवले. मग सुटलेला माणूस पुढे उच्च न्यायालयात दोषी कसा ठरला? तर तो सुटलाच नव्हता. कौल अजिबात पटला नाही आणि न्यायासाठी गरजेचे वाटले, तर 1898 च्या संहितेतल्या कलम 307 नुसार सत्र न्यायाधीशांनी निकाल न देता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचे असे. इथे तेच झाले. ज्यूरीला कायदा समजावताना झालेल्या चुका उच्च न्यायालयाने दाखवल्या, पुरावा स्वतः तपासला आणि 1960 मध्ये जन्मठेप सुनावली. 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दोषमुक्तीचा निकाल कुणी फिरवला नाही, कारण तसा निकाल लिहिलाच गेला नव्हता.

‘या खटल्याने ज्यूरी बुडवली’ हे वाक्य पाठ्यटिपांत बिनदिक्कत छापले जाते. ते फार तर अर्धे खरे. कायद्यातले बदल सुचवणाऱ्या आयोगाने ज्यूरी बंद करावी असे 1958 मध्येच, म्हणजे हा खून होण्याच्या आदल्या वर्षी, लिहून ठेवले होते. आणि खटल्यानंतरही कलकत्त्यात ज्यूरी बसतच होती. 1 एप्रिल 1974 ला लागू झालेल्या नव्या संहितेत मात्र तिला जागा उरली नाही.

अवशेष एकच आहे. पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या 1936 च्या कायद्याखाली समाजातले पाच जण न्यायाधीशांबरोबर बसून वस्तुस्थितीवर मत देतात. काम ज्यूरीचेच, पण कायद्याने त्यांना नाव दिले आहे ‘प्रतिनिधी’.