टाकीतलं मश्रूम आलं कुठून

सुरुवात पेनिसिलिनपासून. दुसऱ्या महायुद्धात ते एवढं लागायला लागलं की बुरशी भांड्यात पृष्ठभागावर वाढवणं परवडेना, मग मोठ्या टाक्यांत हवा सोडत, ढवळत, द्रवात बुडवून वाढवायची पद्धत बसली. मग खायच्या मश्रूमचंही असंच का नको, हे कुणाला तरी सुचणारच होतं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या हॅरी हमफेल्डनी मश्रूमचं मायसेलियम, म्हणजे छत्रीखालचं धाग्यांचं जाळं, द्रवात वाढवून दाखवलं. हेतू साधा होता, स्वस्तात खाणं. पण मश्रूमची चव काही धड येईना, त्यामुळे खाण्याच्या बाजूने हे प्रकरण फार पुढे गेलं नाही.

औषधाच्या बाजूने मात्र गेलं, तेही रमतगमत. १९५१ मध्ये प्ल्युरोम्युटिलिन हे अँटिबायोटिक एका मश्रूमच्या कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीतून, मिळालं, त्याच्यापासून आधी जनावरांची औषधं आली आणि माणसांसाठी पहिलं मलम आलं थेट २००७ मध्ये!

खरी हवा झाली जपानमुळे. १९६९ मध्ये गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी शिताके या खायच्या मश्रूममधून गरम पाण्याने लेंटिनन काढलं, हे बीटा-ग्लुकन म्हणजे एक लांबलचक साखळीवालं शर्करा-संयुग, आणि त्याने उंदरांमधल्या गाठी आटल्या. पुढे तिथे ते पोटाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत इंजेक्शनने द्यायला लागले, इंजेक्शनने हं, त्यामुळे शिताकेची पावडर खाऊन तेच होईल असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. लेंटिनन छत्रीतून काढलेलं, पण १९७७ मध्ये जपानमध्ये मंजूर झालेलं क्रेस्टिन हे कॅन्सरमध्ये द्यायचं औषध टर्की टेल बुरशीच्या वाढवलेल्या मायसेलियममधून काढलेलं. टर्की टेल खायला चिवट, पण मुद्दा तो नाही, लाकडावर छत्री यायला महिने जातात आणि टाकीत मायसेलियम काही दिवसांत तयार होतं, शिवाय साखर, पीएच, हवा सगळं आपल्या हातात, म्हणून कंपन्यांना टाकी आवडली.

फक्त टाकीतला माल म्हणजे छत्रीची स्वस्त कॉपी असं धरलं तर घोळ होतो. लायन्स मेन घ्या, खायचंच मश्रूम, १९९० च्या दशकात जपानी संशोधक कावागिशींच्या टीमला त्याच्या छत्रीत हेरिसेनोन सापडले आणि मायसेलियममध्ये एरिनासिन, दोन्ही प्रयोगशाळेत पेशींना नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे मज्जापेशी वाढायला मदत करणारं प्रथिन, जास्त बनवायला लावतात, पण संयुगं वेगळी. आता कॅप्सूलच्या डबीवर नुसतं 'लायन्स मेन' लिहिलेलं असेल तर आत नक्की काय आहे ते विचारायलाच हवं.