परसबागेसाठी काकडीच्या वाणांची निवड (सातारा व सांगली जिल्हे)

घरामागच्या परड्यात, अंगणातल्या मांडवावर किंवा गच्चीवरच्या कुंडीत काकडीचा (कुकुमिस सटायव्हस, कुल – कुकर्बिटेसी) कोणता वाण लावावा, याचे उत्तर बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या उत्तराहून वेगळे असते. शेतकऱ्याला एकसारख्या मापाची, सरळ, गर्द हिरवी आणि क्रेटमधून पुण्या-मुंबईपर्यंत टिकणारी काकडी हवी असते. घरच्या वेलाला यांतले एकही बंधन नाही. सकाळी तोडून दुपारी ताटात येणारी काकडी वाकडी, आखूड, पांढरी, पातळ सालीची कशीही चालते. ती कडू निघू नये आणि सगळी एकाच आठवड्यात येऊन पडू नये, एवढेच पाहायचे. त्यामुळे दुकानात सर्वांत जास्त खपणारे पाकीट परसबागेला योग्य ठरेलच असे नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांत तर पाकिटावरच्या चित्राआधी तालुका आणि पेरणीचा महिना पाहावा लागतो.

काकडी मूळची भारतीय उपखंडातली. हिमालयाच्या पायथ्याशी तिचा हार्डविकी हा छोट्या, कडू फळांचा रानटी प्रकार आजही आढळतो. या दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात बाजरीच्या रानात मटकी-हुलग्यासोबत येणारे वाळूक, तसेच चिबूड आणि शेंदाड ही मात्र खरबुजाच्या जातीतली (कुकुमिस मेलो) फळे आहेत. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, खरबुजात १२. दोन्ही शेजारी लावली तरी त्यांचा संकर होत नाही. ‘चिबडाशेजारी लावली म्हणून काकडी बिघडली’ या समजुतीला त्यामुळे आधार राहत नाही. उत्तर भारतातली लांब, बारीक, धारांची ककडी हीसुद्धा खरबुजाचीच भावंड. तिचे बी कधीकधी काकडीच्या नावाने मिळते, म्हणून पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचून घ्यावे.

पाऊस, जमीन आणि हंगाम

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात तो ५०० मिमी.च्या आसपास येतो. सांगलीतही तसेच: शिराळ्याचा पश्चिम भाग ओला, आटपाडी व जत कोरडे, आणि मधे कृष्णा-वारणेचा ऊसपट्टा. काकडीला ऊब आणि ऊन लागते, पाणीही लागते. पण मुळाशी साचलेले पाणी आणि दिवसेंदिवस ओली राहिलेली पाने तिला सोसत नाहीत.

जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या डोंगरी गावांत पावसाळी काकडीचा खरा शत्रू केवडा रोग होय. पानावर शिरांनी बांधलेले पिवळे, कोनदार ठिपके दिसतात आणि आठ-दहा दिवसांत वेल करपतो. या पट्ट्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘शीतल’ हा वाण पहिला विचारात घ्यावा. तो मुळातच जास्त पावसाच्या, उताराच्या, हलक्या जमिनीसाठी काढलेला आहे. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास फळ हाती येते. फळ हिरवे, मध्यम, २०० ते २५० ग्रॅमचे. ‘पॉइंसेट’ हा दुसरा पर्याय. हा वाण अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनात, १९६०च्या दशकात तयार झाला. केवडा, भुरी, करपा आणि पानावरचे कोनी ठिपके या रोगांना तोंड देण्यासाठी त्याची पैदास झाली. गंमत अशी की त्याच्यातली केवड्याविरुद्धची ताकद भारतातूनच नेलेल्या एका बियाण्यातून आलेली आहे. अर्थात कोणताही वाण डोंगरी आषाढात जमिनीवर पसरू दिला तर सडतोच. मांडव किंवा उभ्या काठ्या तेथे वाणाइतक्याच महत्त्वाच्या.

पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर थंडीत काकडी लावण्याचा हट्ट धरू नये. बी रुजायला माती निदान १८ अंश सेल्सिअस उबदार लागते, २५ ते ३० अंश असेल तर उत्तम. तेथे फेब्रुवारी सरता सरता लावायची झाल्यास ‘जपानीज लाँग ग्रीन’ हा थंड हवेसाठीचा, फूटभर लांब फळांचा वाण जमतो. तोच वाण मिरजेत एप्रिलच्या उन्हात लावणे म्हणजे बी वाया घालवणे.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या कोरड्या भागांत ‘पूना खिरा’ला तोड नाही. तो लवकर येतो, उन्हाळी हंगामाला मानवतो. फळ आखूड, फिकट हिरवे. जून होताना पिवळट आणि मग तांबूस पडते. बाजारात हा तांबूसपणा शिळेपणाचे लक्षण मानला जातो, म्हणून व्यापारी त्याला नाक मुरडतात. घरी मात्र एखादे फळ पानाआड राहून जून झाले तरी बिया काढून, किसून थालिपिठात किंवा घावनात जाते. तांबूस डाग नकोच असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘हिमांगी’ घ्यावा. दोन्ही जिल्हे याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. पूना खिऱ्याच्या संकरातून निवडलेल्या या वाणाची फळे पांढरी राहतात आणि साल तांबूस पडण्याचा दोष त्यात कमी असतो. दह्यातल्या कोशिंबिरीसाठी हिमांगीसारखी काकडी नाही, असे येथे बेधडक म्हणता येईल.

सातारा, कराड, वाळवा, पलूस, मिरज या मधल्या पट्ट्यात वाणांची निवड सर्वांत सैल आहे. राहुरीचाच कोवळ्या हिरव्या फळांचा ‘फुले शुभांगी’ खरीप व उन्हाळी दोन्ही हंगामांत चालतो. येथे घोळ होतो तो वाणाचा नव्हे, जमिनीचा. कृष्णाकाठी अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीत काकडी खुरटते. मातीची क्षारता सुमारे २.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटू लागते आणि त्यावर औषध म्हणून चालेल असा घरगुती वाण नाही. अशा गावात गादीवाफा उंच करावा, नाहीतर सरळ १५ ते २० लिटरच्या कुंडीत बाहेरची माती व शेणखत भरून वेल लावावा.

ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी वापरले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक काकडीवर्गीय वेलांना फार झोंबते. वाऱ्याने आलेल्या तुषारांनीही पाने वाटीसारखी वळतात, शेंडा पिळवटतो. लोक त्याला व्हायरस समजून ‘रोगाला बळी न पडणारे’ महाग बियाणे आणतात. आधी परड्यापलीकडच्या फडात काय फवारले गेले, ते विचारावे. आणि तणनाशकाचा पंप भाजीला वापरू नये. उलट तासगावच्या द्राक्षबागेतला डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा, मात्र काकडीवर येत नाही. दोन्ही रोगांची लक्षणे सारखी वाटली, तरी त्यांना कारण होणारे जीव निराळे आहेत.

नर फुले, मादी फुले आणि पाकिटावरचे शब्द

पूना खिरा, हिमांगी, शीतल या वाणांत एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. आधी नर फुलांचा लोंढा, मग मागाहून देठाशी इवलीशी काकडी घेऊन आलेली मादी फुले. पहिले दोनेक आठवडे फुले गळताना पाहून वेल वांझ समजून उपटणारे कमी नाहीत. दिवस मोठा आणि ऊन कडक असले की नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते. त्यामुळे आटपाडीकडे उन्हाळी काकडी जानेवारी-फेब्रुवारीत टोकावी. एप्रिलमध्ये टोकलेला वेल पानाफुलांनी भरतो, फळांनी नाही.

बहुतांशी मादी फुले देणारे संकरित वाण वेगळे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा संयोग’ आणि राहुरीचा ‘फुले प्राची’ हे या गटातले. फळे लवकर आणि एकदम लागतात. शेतकऱ्याला हे हवेच असते; चौघांच्या घराला मात्र पंधरा दिवस काकडीच काकडी आणि मग रिकामा मांडव. शिवाय परागासाठी जवळ नर फुलांचा एखादा साधा वेल लागतो. दोन वेल असे आणि एक वेल पूना खिऱ्याचा लावला तर दोन्ही गोष्टी साधतात.

तिसरा गट परागाविना, बी न धरता फळ देणाऱ्या वाणांचा. लांब, गुळगुळीत ‘इंग्लिश’ काकडी म्हणून मॉलमध्ये प्लॅस्टिकात गुंडाळून मिळते ती ही. तिचे बी दर बीमागे रुपये मोजून घ्यावे लागते आणि ते शेडनेट-पॉलिहाऊससाठी असते. उघड्या परसात मधमाश्या येतातच. लांब फळांच्या वाणांत पराग पडला की फळ टोकाशी फुगून लाटण्याऐवजी मुसळासारखे होते. येथे तिला खरी जागा एकच आहे: सांगली-मिरजेतल्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरची गच्ची, जिथे माशी फिरकत नाही.

माशीचा हिशेब साध्या वाणांसाठी महत्त्वाचा आहे. मादी फूल एकच दिवस उमललेले असते आणि फळ नीट भरायला मधमाश्यांच्या आठ-दहा खेपा लागतात. खेपा कमी पडल्या की काकडी एका टोकाला बारीक राहते किंवा वळते. महाबळेश्वर तालुक्यात सातेरी मधमाश्या पाळण्याची जुनी परंपरा आहे. तेथले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. अशा भागात परागाची चिंता नाही. शहरी गच्चीवर सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर टेकवावे. सकाळी सकाळी केले तर एवढ्यानेच काम होते.

कडवटपणा

काकडी कडू होते ती कुकुर्बिटॅसिन या द्रव्यामुळे. त्याचा अंश देठाकडे आणि सालीलगत जास्त. देठाकडची चकती कापून घासायची, फेस काढायचा, या घरोघरच्या रिवाजात घासण्यापेक्षा कापून टाकण्याचाच उपयोग अधिक. कडवटपणा अंशतः वाणाच्या रक्तात असतो, अंशतः पाण्याच्या ओढाताणीतून येतो: चार दिवस वेल सुकवला आणि पाचव्या दिवशी तुंब पाणी दिले की हमखास. परागाविना फळणारे अनेक वाण कडू द्रव्य न बनवणारे आहेत, पण त्यांना लाल कोळ्यांचा (पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचा) उपद्रव जास्त होतो. जुन्या वाणांत एखादा वेल कडूच निघतो. तो ओळखून त्याचे बी मात्र धरू नये.

स्वयंपाकघराकडून निवड

या भागात मृगावर टोकलेली काकडी साधारण पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे श्रावणाच्या तोंडावर हाती येते. उपासाच्या खमंग काकडीला, म्हणजे चोचवून, दाण्याचे कूट व तूप-जिऱ्याची फोडणी देऊन करतात त्या कोशिंबिरीला, पातळ सालीची आणि न पिकलेल्या बियांची काकडी लागते. हिमांगी आणि कोवळी शीतल त्यासाठी उत्तम. नुसते मीठ-तिखट लावून खायला पूना खिऱ्याचा कुरकुरीतपणा. किसून थालिपिठात घालायला कोणतीही चालते, जून तर जास्तच. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी घालून ठेवतात. त्यांत पाऊस सुरू होताच दोन वेल लावावेत आणि तीन आठवड्यांनी आणखी दोन, म्हणजे काकडी गणपतीपर्यंत पुरते. दर दोन दिवसांनी तोडणी चुकवू नये; एक फळ पिकू दिले की वेल नवी फळे धरायचे थांबवतो.

फळमाशी कोणत्याच वाणाला भीक घालत नाही. डंख बसलेली काकडी वाकडी होऊन आतून किडते. क्यू-ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा परसाच्या कडेला टांगावा आणि किडकी फळे खड्ड्यात पुरावीत. रोपे दोन पानांवर असताना तांबड्या भुंगेऱ्यांपासून जपावे. निंबोळी अर्क यासाठी पुरेसा आहे. भुरीसाठी गंधक फवारताना कडक ऊन टाळावे; या वेलांची पाने त्याने भाजतात.

बी

‘एफ-१’ छापलेल्या संकरित काकडीचे बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत फळे सरमिसळ निघतात. पूना खिरा, हिमांगी, फुले शुभांगी, शीतल यांचे बी घरी धरता येते, आणि परसबागेसाठी या जुन्या वाणांची बाजू घेण्याचे हे सर्वांत भक्कम कारण आहे. मात्र अर्ध्या किलोमीटरच्या आत दुसऱ्या वाणाची काकडी असेल तर माश्या पराग मिसळतात. उपाय सोपा आहे: उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी एका निरोगी वेलाचे मादी फूल आणि त्याच वाणाची दोन नर फुले दोऱ्याने बांधून ठेवावीत, सकाळी सोडून पराग लावावा, मादी फूल पुन्हा बांधावे आणि देठाला रंगीत चिंधी बांधावी. ते फळ वेलावरच पिवळे-तांबूस पिकू द्यावे. गर बियांसकट काढून एक-दोन दिवस आंबवावा, धुवावा, तळाशी बसलेले बी सावलीत वाळवावे. दुकानातले गुलाबी किंवा हिरवे दिसणारे बी बुरशीनाशक चोळलेले असते. ते लहान मुलांच्या हाती देऊ नये.

प्रमाणित बियाण्यात काकडीची उगवण निदान ६० टक्के असावी लागते. कोरड्या डब्यात ठेवलेले घरचे बी तीन-चार वर्षे रुजते. जुन्याबद्दल शंका आली तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. चार-पाच दिवसांत सहापेक्षा कमी फुटल्या, तर आळ्यात दोनाऐवजी चार बिया टोकाव्यात.