अधिभार आणि टक्केवारी: सद्दामला पोचलेला पैसा कुणाच्या खिशातला?

इराकच्या ‘अन्नासाठी तेल’ योजनेचा विषय निघाला की ‘कंपन्यांनी सद्दामला लाच दिली’ एवढ्यावर बोलणं संपतं. पण लाच दोन प्रकारची होती: तेल घेणाऱ्यांकडून अधिभार आणि माल विकणाऱ्यांकडून टक्केवारी. ती एकच समजली, तर पैसा कुणाचा गेला हे कळत नाही.

१९९० पासून इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते. डिसेंबर १९९६ पासून तेल विकायची मुभा मिळाली, पण पैसे बगदादला न जाता न्यूयॉर्कमधल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या राखीव खात्यात, पडत. त्यातून जनतेसाठी धान्य, औषधं, सुटे भाग येत.

अधिभार, म्हणजे दरावरचा जादा पैसा, इराकी सरकारने मागितला तेल घेणाऱ्यांकडे, २००० च्या अखेरीपासून. पिंपामागे साधारण १० ते ३० सेंट, कधी इराकी दूतावासात रोख, कधी परदेशी बँकेत. अधिकृत दर बाजारापेक्षा थोडा कमी असे, त्या फरकातूनच हे परवडे. पुढे संयुक्त राष्ट्रं माल उचलल्यावर दर ठरवू लागली, तसा अधिभार आटला.

टक्केवारीचं तसं नाही. ती घेतली माल विकणाऱ्यांकडून, आणि माझ्या मते खरा घात इथे झाला. शंभर डॉलरचा माल असेल तर करार एकशे दहाचा करायचा, वरच्या दहाला ‘विक्रीपश्चात सेवा’ म्हणायचं. एकशे दहा भरणार एस्क्रो खातं, दहा गुपचूप परत बगदादला. म्हणजे विक्रेत्याच्या पदराला खार लागतच नसे. इराकी जनतेच्याच पैशातून तिच्या राज्यकर्त्याला वाटा मिळे, तोही संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या बिलातून.

गव्हाचं उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी कंपनीच्या करारात १९९९ पासून देशांतर्गत वाहतुकीचा आकार जोडला गेला, सुरुवातीला टनामागे १२ डॉलर. पुढे तो कितीतरी पटींनी वाढला. पैसे जात जॉर्डनच्या आलिया कंपनीला. नाव वाहतूक कंपनीचं, पण हा गहू तिने वाहिलाच नाही. रक्कम पुढे इराकी सरकारकडे सरकवली. असे २२ कोटी डॉलरहून जास्त गेले.

या योजनेची चौकशी करायला संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पॉल व्होल्कर समितीने २००५ मध्ये दोन्ही आकडे वेगळे मांडले: अधिभार सुमारे २३ कोटी डॉलर, टक्केवारी सुमारे १५५ कोटी. भारतात मात्र तेव्हा सगळी चर्चा तेलाच्या कुपनांभोवती, म्हणजे इराकने मर्जीतल्यांना दिलेल्या तेलखरेदीच्या हक्कांभोवती, फिरली. त्यात नाव आल्याने परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांना पद सोडावं लागलं. त्या गदारोळात गव्हाच्या आणि औषधांच्या फुगवलेल्या बिलांकडे फारसं कुणी पाहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.