गरिबीला मौज लागते

ग्रीक भाषेत एक म्हण आहे : ‘इ फ्तोह्या थेली कालोपेरासी’. फ्तोह्या म्हणजे गरिबी, थेली म्हणजे तिला हवं असतं. ‘कालोपेरासी’ची फोड करायची तर ‘कालो’ म्हणजे चांगलं आणि पुढचा भाग वेळ सरण्याबद्दलचा. ‘कसं चाललंय?’ला आपण ‘मजेत’ म्हणतो, ती मजा. एकूण अर्थ : गरिबीला मौज लागते.

मराठी कानाला हे खटकतं. आपल्याकडे ‘ऋण काढून सण’ हा ठपका आहे. पाय पसरायचे तेही अंथरूण पाहून. आधी पैसा, मग मौज, असा आपला हिशोब. ग्रीक म्हण हिशोबाची वही उलटी धरते. ज्याच्याकडे काही नाही त्यालाच मौज जास्त लागते, म्हणते. यात शरीरशास्त्राला पटेल असं काही आहे का, हे पाहणं मला मजेचं वाटलं.

ही म्हण वापरायची वेळ ग्रीसवर फार लांबच्या काळात आलेली नाही. कर्जसंकटाच्या वर्षांत देशाचं उत्पन्न जवळपास एक चतुर्थांशाने घटलं, २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर गेली. २०१५च्या जूनअखेर बँका बंद झाल्या आणि एटीएमवर दिवसाला फक्त ६० युरो मिळू लागले. त्यासाठीही रांग.

आता प्रयोगशाळेत जाऊ. रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २०१२मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता : हसल्यावर दुखणं कमी जाणवतं का? लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या, काहींना कंटाळवाण्या. आधी आणि नंतर त्यांची सहनशक्ती मोजली. वाइनची बाटली गार करायचं गोठवलेलं वेष्टण हाताला गुंडाळायचं, किंवा रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळत न्यायचा, आणि ‘आता पुरे’ कधी म्हणतात ते बघायचं. एडिंबराच्या नाट्यमहोत्सवात तर प्रेक्षकांना भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात वाकवून बसायला लावलं. आपल्या शाळेत हिला ‘खुर्ची’ म्हणत आणि ती शिक्षा असे. विनोदी कार्यक्रमात हसून आलेले लोक ही खुर्ची जास्त वेळ करू शकले. नुसतं बरं वाटून हा फरक पडत नव्हता. प्रत्यक्ष हसावं लागत होतं.

डनबार यांचं स्पष्टीकरण आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे : ‘हसून हसून पोट दुखलं.’ खदखदून हसताना आपण श्वास धक्क्याधक्क्याने बाहेर टाकत राहतो, मध्ये आत घेत नाही. छातीपोटाच्या स्नायूंना चांगलाच व्यायाम होतो. त्या श्रमाला उत्तर म्हणून मेंदू एंडॉर्फिन सोडतो. हे शरीराने घरीच तयार केलेलं वेदनाशामक. अफू मेंदूतल्या ज्या खुंट्यांना जाऊन अडकते, त्याच खुंट्यांना हेही अडकतं. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधकांनी २०१७मध्ये १२ पुरुषांच्या मेंदूचे पेट स्कॅन काढून हे तपासलं. जवळच्या मित्रांबरोबर अर्धा तास हसल्यानंतर मेंदूत हे रसायन खरोखर सुटलेलं दिसलं. माणसं बाराच होती, हे विसरायला नको.

‘मित्रांबरोबर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. हास्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले रॉबर्ट प्रोव्हाइन सांगत की एकट्यापेक्षा माणसांत असताना आपण साधारण ३० पट जास्त हसतो. मोबाइलवर विनोद वाचून आपण बहुधा नाकातून एक फुंकर सोडतो, तेवढंच. त्या फुंकरीने पोटही दुखत नाही आणि एंडॉर्फिनही सुटत नाही.

ग्रीक माणूस मात्र नुसता हसत बसत नाही, नाचतो. एकमेकांचे हात किंवा खांदे धरून, गोलात, सगळ्यांचं पाऊल एकदम. ब्राझीलच्या मराजो बेटावर शाळकरी मुलांवर नाचाचे प्रयोग झाले (२०१५). काहींनी एका तालात, सारख्या हालचाली केल्या, काहींनी वेगवेगळ्या. काहींचा नाच दमवणारा, काहींचा बसल्या बसल्या. दमण्याने वेदना सहन करण्याची ताकद वाढली. पण नुसत्या एकतालानेही ती वाढली, आणि सोबतच्यांबद्दल जवळीकही. लेझीम खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी चढणाऱ्या रंगाला ग्रीकमध्ये ‘केफी’ म्हणतात. हा शब्द तुर्की ‘केयिफ’वरून आला, तो अरबी ‘कैफ’वरून. आपला कैफही तिथलाच. दोघे चुलतभाऊ, फक्त मराठीत आल्यावर या भावाला जरा नशा चढली.

इथवर म्हणीची बाजू भक्कम वाटते. पण तिच्या नावावर एक वेगळाच माल खपवला जातो : काहीही होवो, चेहरा हसरा ठेवा. त्याला आधार तोकडा आहे. दातांत पेन धरून ओठ हसल्यासारखे ताणले की व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटतात, असा १९८८चा गाजलेला प्रयोग होता. २०१६मध्ये १७ प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला, तर तसा परिणाम दिसला नाही. १९९७च्या एका अभ्यासात जोडीदार गमावलेल्या माणसांशी सहा महिन्यांनी बोलणं झालं. गेलेल्या माणसाबद्दल सांगता सांगता जे मनापासून हसले, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांभोवतीचे स्नायूही आवळले गेले, ते पुढच्या काळात जास्त सावरलेले दिसले. हे हसू कुणी सांगून आणलेलं नव्हतं. आणि हसण्याने सावरले की सावरत होते म्हणून हसू आलं, हे असल्या अभ्यासातून कळत नाही.

मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच जणांचा हास्य क्लब सुरू केला, तेव्हा आधी विनोद सांगायचे. काही दिवसांत विनोद संपले, उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. सकाळी बागेत हात वर करून हाहाहा करणारे काका-काकू पाहून मीही मनात हसलो आहे. पण नीट पाहिलं तर पहिली दोन मिनिटं खोटी असतात. मग कुणीतरी शेजाऱ्याचं तोंड बघतं आणि खरं सुरू होतं.

आता ‘ऋण काढून सण’कडे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७मध्ये अतिगरिबांच्या खर्चाचा आढावा घेतला. राजस्थानातल्या उदयपूर भागात जवळपास प्रत्येक अतिगरीब घराने वर्षभरात लग्न, मर्तिक किंवा सणावर पैसे खर्च केले होते. या खर्चाच्या चढत्या क्रमाने घरं लावली, तर बरोबर मधल्या घराचा सणांवरचा खर्च वर्षाच्या खर्चाच्या १० टक्के. पोटाला पुरेसं नसताना! वरून बघणाऱ्याला ही उधळपट्टी दिसते. पण सिनेमा-नाटकावर त्या घरांचा खर्च नाहीसाच होता. वर्षाची सगळी करमणूक, सगळे नातेवाईक, सगळा एकत्र नाच त्या १० टक्क्यांत बसवायचा होता. तरीही एंडॉर्फिन कर्ज फेडत नाही. संकटाच्या वर्षांत ग्रीसमध्ये आत्महत्या वाढल्या, म्हण तोंडपाठ असूनही.

ग्रीसच्या इकारिया बेटावर या पेचातून एक जुनी वाट काढलेली दिसते. डोंगराळ, एकेकाळी फार गरीब बेट. गृहयुद्धाच्या काळात सरकार डाव्यांना तिथे हद्दपार करी. उन्हाळाभर गावोगाव ‘पानिगिरी’ भरतात, म्हणजे देवाची जत्रा. बकऱ्याचं मटण आणि दारू विकायला असते, व्हायोलिनवर नाच पहाटेपर्यंत चालतो. खाण्यापिण्यातून उरलेला पैसा गावाचा. त्यातून रस्ता, शाळा, देऊळ अशी कामं निघतात. नाचायला कुणालाही मुभा असते. फक्त साखळीत सर्वांत पुढे घुसायचं नाही, तिथे नाच येणारा असतो. नवख्याने शेपटाला जाऊन शेवटच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याचे पाय बघत राहायचं.