तुर्की एलचीचा त्युइलरी-प्रवेश

फ्रेंच चित्रकार शार्ल पारोसेल (१६८८–१७५२) याचे रोकोको (अठराव्या शतकातली नाजूक, अलंकृत शैली) काळातील भव्य तैलचित्र; सध्या व्हर्सायच्या राजवाड्यातील संग्रहात. ऑटोमन एलची मेहमेद एफेंदी २१ मार्च १७२१ रोजी पंधराव्या लुईच्या भेटीला निघाला, तो प्रसंग यात रंगवला आहे. राजा तेव्हा अवघा ११ वर्षांचा होता. दरबार अजून व्हर्सायला परतायचा होता, म्हणून भेट पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात ठरली.

मेहमेदला सुलतान तिसऱ्या अहमदने पाठवले होते. जॅनिसरी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, अठ्ठाविसाव्या पलटणीत चाकरी केल्यामुळे ‘यिर्मिसेकिझ’, म्हणजे अठ्ठावीस, हा आकडाच त्याच्या नावाला चिकटला. १७२० च्या शरद ऋतूत तो इस्तंबूलहून निघाला, तेव्हा मार्सेयमध्ये प्लेगने थैमान घातले होते. त्यामुळे फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याला आधी विलग राहावे लागले आणि मग कालव्याने बोर्दोमार्गे पॅरिस गाठावे लागले.

चित्रातली मिरवणूक त्युइलरी बागेच्या पश्चिम दारातून आत शिरते. तिथे खंदकावर फिरता पूल होता आणि दोन्ही बाजूंना शिल्पकार क्वाझव्हॉने घडवलेल्या पंखवाल्या घोड्यांच्या मूर्ती होत्या. फेटेवाले स्वार, त्यांचे झगे, फ्रेंच शिपायांची दाटी, वर मोकळे आभाळ: रोकोकोला हवा तो सगळा थाट इथे आहे. तरी हे चित्र खरे तर घोड्यांचे आहे. पारोसेलचा बाप युद्धचित्रे काढत असे, आणि तो स्वतः काही काळ घोडदळात होता. जनावराची वळलेली मान, खोगिराखालची झूल, लगामाचा ताण त्याला नेमका कळतो. माणसांच्या चेहऱ्यांवर मात्र त्याने तेवढा जीव लावलेला नाही; एलचीही गर्दीतला एक स्वार होऊन जातो.

हे चित्र निव्वळ भिंतीवर टांगण्यासाठी नव्हते. गोबेलँच्या शाही कारखान्यात टॅपेस्ट्री (भिंतीवर टांगायचे, चित्र विणलेले जाड कापड) विणण्यासाठी नमुना म्हणून ते काढले गेले, आणि १७३० च्या दशकात त्यावरून टॅपेस्ट्री विणलीही गेली. गंमत अशी, की पॅरिसमधल्या मुक्कामात मेहमेद स्वतः हाच कारखाना पाहून आला होता.

पॅरिसकर त्याला पाहत होते, तसाच तोही त्यांना पाहत होता. परतल्यावर त्याने लिहिलेल्या ‘सेफारेतनामे’त, म्हणजे एलचीच्या प्रवासवृत्तांतात, बागा, कारंजी, ऑपेरा यांची वर्णने येतात, आपल्याला जेवताना बघायला जमणाऱ्या बायकांचीही तक्रारवजा नोंद येते. सोबत चिटणीस म्हणून आलेला त्याचा मुलगा सैद पुढे मुद्रक इब्राहिम मुतेफेरिकासोबत इस्तंबूलमध्ये छापखाना उभारण्यात पुढे होता. १७४२ मध्ये तो स्वतः एलची होऊन पॅरिसला आला. त्या खेपेला चित्रकार जाक आवेदने त्याचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र रंगवले.