ग्दान्स्कची कौटुंबिक सहल: पोलंडचा शेंगेन व्हिसा, अर्ज आणि कागदपत्रे

बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्दान्स्कला आठवडाभर राहायचं, तिथून सोपोतची चौपाटी आणि माल्बोर्कचा विटांचा किल्ला बघून यायचं, तर भारतीय पासपोर्टवर शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, सी प्रकारचा अल्पकालीन व्हिसा लागतो. त्यावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. कुटुंब एक असलं तरी अर्ज माणशी वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा.

अर्ज कुठल्या देशाकडे?

ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. दिवस समसमान असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्या देशाकडे. ग्दान्स्कला सहा दिवस आणि बर्लिनला तीन असतील तर अर्ज पोलंडचाच, मग विमान फ्रँकफुर्टला का उतरेना. पोलंडची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून जर्मनीचा मुक्काम कागदावर फुगवून तिकडे अर्ज टाकण्याची युक्ती एजंट सर्रास सुचवतात. तिच्या नादी लागू नये. खरा बेत वेगळा असल्याचं सीमेवर उघड झालं, तर व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो.

ग्दान्स्कहून स्वीडनच्या निनासहाम्नला फेरीबोट जाते. स्वीडनही शेंगेनमध्येच असल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. मध्येच लंडनला जाऊन परत यायचं असेल तर मात्र अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागावा लागतो, आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

कधी?

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण जादा चौकशी निघाली तर ४५ दिवसही जातात. ४५ दिवस धरूनच आखणी करावी. आपल्या शाळांच्या सुट्टीत, म्हणजे मेमध्ये, निघणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्यावी. मेमध्ये बाल्टिकचं पाणी चांगलंच गार असतं. मुलांना समुद्रात डुंबायचं असेल तर जुलै-ऑगस्ट बरा. पण तेव्हा ग्दान्स्कमध्ये सेंट डॉमिनिकची जत्रा भरते, १२६० पासूनची, आणि जुन्या शहरातल्या खोल्या लवकर संपतात. अर्जाला मुक्कामाचं बुकिंग जोडायचं असतं, त्यामुळे तेव्हाच्या सहलीची सुरुवात हॉटेलपासून करावी.

अर्ज आणि शुल्क

फॉर्म पोलंडच्या ‘ई-कोन्सुलात’ (e-Konsulat) नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरून, छापून, सही करायचा. अल्पवयीन मुलांच्या फॉर्मवर पालकांनी सही करायची. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईतल्या पोलंडच्या महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यावे लागतात. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत.

व्हिसा शुल्क बारा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना काही नाही. आई-वडील, १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा मिळून ३१५ युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी पैसे परत मिळत नाहीत.

कागदपत्रं

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. मोठ्यांचे तपासून झाल्यावर नेमका तोच संपत आलेला निघतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसी डॉलरमध्ये असतात. ३०,००० डॉलरची पॉलिसी इथे कमी पडते, ५०,००० ची घ्यावी. आजी-आजोबांच्या वयाला हप्ता बराच वाढतो, तो खर्चात आधीच धरा.

पैशांसाठी बँकेचा शिक्का असलेलं अलीकडच्या महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं आणि रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र. दुकानदाराने गुमास्ता आणि जीएसटी नोंदणी, शेतकऱ्याने इंग्रजी भाषांतरासह सातबारा, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा जोडावा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात भरलेली मोठी रक्कम उपयोगाची नसते, उलट शंका वाढवते. नियमित जमा-खर्च दिसणारं मध्यम खातं त्याहून भारी.

मुलांसाठी जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाईड. आधार कार्ड जन्मदाखल्याची जागा घेत नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी-मराठी असा नवा काढून घ्या किंवा भाषांतर जोडा. एकच पालक बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत लागते. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश.

अडतं कुठे?

बहुतेक वेळा नावात आणि तारखांत. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मुलाच्या दाखल्यात सासरचं नाव, तर विवाह नोंदणीचा दाखला हवाच. हॉटेलच्या बुकिंगवर फक्त वडिलांचं नाव असतं. राहणाऱ्या सगळ्यांची नावं टाकून घ्या. विमान १० तारखेला मुंबईहून निघतं, विमा ११ पासून सुरू होतो, रजा १२ पासून: अशा फाईलवर प्रश्न येतातच. दिनक्रमात ‘स्थलदर्शन’ एवढंच न लिहिता वेस्टरप्लाटं, दुसऱ्या महायुद्धाचं संग्रहालय, माल्बोर्क अशी ठिकाणं दिवसवार लिहा. निर्णय येईपर्यंत बुकिंग रद्द करू नये, दूतावास ते पडताळू शकतो.

नकारपत्रात कारण आणि दाद मागण्याची मुदत दिलेली असते. उणीव एखाद्या कागदाचीच असेल, तर तो जोडून नवा अर्ज करणं सहसा सोपं पडतं. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरलेल्यांना, २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांसाठी लागू झालेल्या सवलतीनुसार, दोन वर्षांचा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी.

पोहोचल्यावर

फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर प्रवेशाची तपासणी तिथेच होते, ग्दान्स्कला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या प्रवेश-निर्गम यंत्रणेत चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे कुटुंबासह पुढच्या विमानाआधी तीन तास तरी ठेवा. हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. व्हिसा असला तरी सीमारक्षक त्या मागू शकतो.