दहा अंशांच्या अल्याड-पल्याड

महाराष्ट्रात अंदमानचे नाव घरोघरी ठाऊक आहे ते सेल्युलर जेलमुळे. 'अंदमान-निकोबार' ही जोडी तर आपण एका दमात उच्चारतो. निसर्गाच्या दृष्टीने मात्र या दोन नावांमधले संयोगचिन्ह फसवे आहे. लिटल अंदमान आणि कार निकोबार यांच्यामध्ये, दहाव्या उत्तर अक्षांशालगत, सुमारे १५० किलोमीटर रुंदीचा खोल समुद्र पसरला आहे. त्याला 'टेन डिग्री चॅनेल' म्हणतात. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली, तेव्हा अंदमानची बहुतेक मोठी बेटे जोडली जाऊन त्यांचे एकच लांबट बेट झाले होते, पण ही सामुद्रधुनी त्या काळातही पाण्यानेच भरलेली होती.

याचा परिणाम झाडापासून माणसापर्यंत दिसतो. निकोबारचे किनारे माडांनी भरलेले असताना एकोणिसाव्या शतकात अंदमानात पोहोचलेल्या इंग्रजांना तेथे माड जवळजवळ आढळलेच नाहीत. आज दिसणाऱ्या तिथल्या नारळाच्या बागा बव्हंशी त्यानंतर लावलेल्या आहेत. ग्रेट निकोबारच्या जंगलात लांब शेपटीची माकडे आहेत आणि खारीसारखा दिसणारा ट्रीश्रू आहे. या दोघांचे सगेसोयरे आग्नेय आशियात सापडतात, अंदमानात मात्र मूळचे एकही माकड नाही. उलट अंदमान समूहातील नारकोंडम या अवघ्या सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी बेटावर धनेशाची एक जात राहते, जी जगात अन्यत्र कोठेही नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो निकोबारचा मेगापोड. कोंबडीएवढा हा पक्षी अंडी उबवत बसत नाही. किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, प्रवाळांचा चुरा आणि पालापाचोळा पायांनी ओढून तो मोठा ढिगारा रचतो. कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उष्णतेवर आत पुरलेली अंडी उबतात, आणि बाहेर आलेले पिल्लू आईबापांच्या मदतीवाचून जगू लागते. त्याचे नातलग बोर्निओ आणि फिलिपिन्सपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतात, पण शेजारच्या सुमात्रात एकही नाही.

माणसांचेही तसेच आहे. ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा आणि सेंटिनेली हे अंदमानचे समाज शिकार, मासेमारी आणि कंदमुळे-मध गोळा करण्यावर जगत आले. जनुकीय अभ्यासांनुसार त्यांचे पूर्वज आशियातील इतर लोकसमूहांपासून हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झाले. निकोबारी लोक मात्र बागाईत करणारे, डुकरे पाळणारे. त्यांची भाषा ख्मेर आणि खासी यांच्या कुळातली, म्हणजे ऑस्ट्रोआशियाई आहे. त्यांच्या जेवणात केतकीच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या केवड्याच्या, एका भाऊबंदाचे भलेमोठे फळ शिजवून खाल्ले जाते. ग्रेट निकोबारच्या आतल्या जंगलात राहणाऱ्या शोंपेन लोकांचाही या फळावर भर आहे. २०११ च्या जनगणनेत निकोबारी २७ हजारांच्या वर होते, शोंपेन २२९, ओंगे १०१ आणि ग्रेट अंदमानी अवघे ४४. या शेवटच्या आकड्यामागे मोठे दुःख आहे: १८५८ मध्ये ब्रिटिशांनी बंदिवानांची वसाहत उभारली तेव्हा ग्रेट अंदमानी काही हजारांच्या घरात होते, पण गोवर आणि गुप्तरोगांसारख्या बाहेरून आलेल्या रोगांना त्यांच्या शरीरांत प्रतिकार नव्हता. त्यांच्यातली 'बो' ही भाषा बोलणाऱ्या शेवटच्या स्त्रीचे, बोआ सीनियर यांचे, २०१० मध्ये निधन झाले.

ही बेटे जेथे आहेत तेथे भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो. २६ डिसेंबर २००४ रोजी या सरकण्यातून साचलेला ताण मोकळा झाला, मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा उसळल्या. ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे चार मीटर खचले आणि तिथले दीपगृह पाण्यात उभे राहिले. सपाट कार निकोबारवर किनाऱ्यालगतची गावे वाहून गेली. मेगापोडचे ढिगारेही लाटांच्या वाटेत होते, त्यामुळे या पक्ष्यांची संख्या फार घटली.

ग्रेट निकोबारचा गॅलाथिया उपसागरही तेव्हा उद्ध्वस्त झाला होता. पुढे त्याच्या किनाऱ्यावर पुन्हा वाळू साचली आणि चामड्यासारख्या पाठीची महाकाय समुद्री कासवे अंडी घालायला परत आली. आता त्याच उपसागरात मोठे बंदर उभारण्याची योजना आहे. त्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगलाची जमीन दिली जाणार आहे, आणि शोंपेन लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात हिंडत आले, त्याचा काही भाग त्यात येतो.